विजयाबाईंनी न गाळलेलं गणित

आजच्या समारंभाचे आणि आपल्या संस्थेचे आदरणीय अध्यक्ष श्री. यशवंतराव, आमच्या विनंतीला मान देऊन आलेल्या प्रमुख पाहुण्या मंजिरीताई, संस्थेचे सन्माननीय सभासद, माझे शिक्षक बंधुभगिनी, रायपूरच्या या बूढापाऱ्याच्या गल्लीत स्कूटर लावायला जागा शोधत शोधत इथवर पोचलेले पालक, आजी-माजी विद्यार्थी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण सारे जमलो आहोत त्या माझ्या गुरू, श्रीमती विजया उमरेडकर बाई. सर्वांना माझा नम्र नमस्कार.

मी सुशील दाणी. या शाळेचा उपप्राचार्य. पण त्याच्याही आधी मी बाईंचा विद्यार्थी. आयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. ती मी पाळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागे चहा तयार आहे, समोसे गरम आहेत, याची मला कल्पना आहे. तरी आज मला थोडं सहन करा.

बाई चौतीस वर्षं या शाळेत रसायनशास्त्र शिकवत आल्या. एवढ्या वर्षांत किती मुलं डॉक्टर झाली, किती इंजिनिअर झाली, ते मंजिरीताई आपल्या भाषणात सांगतीलच. मी सांगणार आहे ते एका धड्याबद्दल. अकरावीचा पहिला धडा. मोल.

आपल्यापैकी कितीजणांना हा मोल आठवतो? हात वर करू नका, मलाही तो नको असायचा. पुस्तकात लिहिलेलं असतं की सहाच्या पुढे तेवीस शून्यं दिली तर जेवढे होतील, साधारण तेवढे कण म्हणजे एक मोल. वाचून डोकं फिरतं. बाई मात्र पुस्तक उघडतच नसत. त्या तराजूवर बारा ग्रॅम कोळसा तोलायच्या, कागदावर काढायच्या आणि एका मुलाच्या डाव्या हातात द्यायच्या. मग साडेत्रेसष्ट ग्रॅम तांब्याची तार तोलून त्याच्या उजव्या हातात. आणि विचारायच्या, "दोन्ही हातांत अणू सारखेच आहेत. मोजून सारखे. मग हा हात खाली काहून गेला?"

कारण तांब्याचा एकेक अणू जड. बस. अणुभार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी खांद्यात कळलं. तो मुलगा मीच होतो.

उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर बाई शून्य द्यायच्या. एकदा मी वहीत नुसतं 'बारा' लिहिलं. त्यांनी भर वर्गात वही वर धरली. "बारा काय? ग्रॅम? मोल? म्हशी?" अख्खा वर्ग हसला. मी घरी जाऊन रडलो, हे आज पहिल्यांदा सांगतो आहे.

हसलात, बरं वाटलं. कारण यापुढचं हसण्यासारखं नाही.

येत्या जानेवारीत तीन वर्षं होतील. शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आपल्यातले बरेच पालक त्या वर्षी आले होते आणि दारावरूनच परत गेले होते. कार्यक्रम रद्द झाला होता, आठवतं? आपल्याला सांगण्यात आलं की शाळेचे शिपाई श्यामराव यांना हृदयविकाराचा झटका आला, म्हणून. सूचनाफलकावर तसं लागलं होतं. खाली माझी सही होती.

श्यामराव म्हणजे कोण, हे नव्या पालकांसाठी सांगतो. एकवीस वर्षं या शाळेची घंटा त्यांनी वाजवली. लहान मुलांचे बुटांचे बंद बांधून देत. कुठलंही काम सांगा, एकच उत्तर, "हव सर, जाऊन राहिलो." त्यांच्या पत्नी इंदूवहिनी आणि मुलगी सोनिया आज इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. मीच त्यांना घरी जाऊन बोलावलं. सोनिया आपल्याच शाळेत अकरावीत आहे.

अध्यक्षमहोदय, आपण घड्याळाकडे पाहून राहिलात. मी मुद्द्यावरच येतो आहे.

त्या वर्षी चौथीच्या मुलींचं गंगावतरणाचं नृत्य बसवलं होतं. बावीस मुली ढग झाल्या होत्या. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे. मला वाटलं, ढग आहेत तर खरा धूर हवा. शंकर नगरच्या एका लग्नात मी पाहिलं होतं, वरवधू धुरातून चालत येतात. डेकोरेशनवाल्याकडून ऐंशी किलो सुका बर्फ मागवला. सुका बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. सोड्याच्या बाटलीत असतो तोच वायू. तो वितळून पाणी होत नाही, सरळ वायू होतो. हे मी दहावीला शिकवतो. आपल्याला कळावं म्हणून सांगतो आहे, की मला माहीत नव्हतं असं नाही.

सकाळी दहाला थर्मोकोलचे चार खोके आले. डेकोरेशनवाला म्हणाला, थंड जागी ठेवा. आता आपण ज्या सभागृहात बसलो आहोत, त्याच्या या स्टेजखाली एक तळघर आहे. सहा पायऱ्या उतरून जावं लागतं. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, उंची सात फूट. खिडकी नाही. एक झरोका होता, तो कबुतरं येतात म्हणून फळी ठोकून बंद केला होता. मी म्हणालो, "खाली ठेवा, थंड आहे." मुलीही तिथेच थांबणार होत्या आणि पायऱ्या चढून धुरातून वर येणार होत्या. माझी कल्पना. सगळ्यांना फार आवडली.

साडेबाराच्या सुमारास मला राहवेना. एका खोक्यातला अर्धा बर्फ, म्हणजे दहा किलो, मी तळघरातच गरम पाण्याच्या टबात टाकून पाहिला. काय सुंदर धूर झाला म्हणता! जमिनीवर पांढरा गालिचा अंथरल्यासारखा पसरला. डोकं थोडं जड झालं, श्वास लागल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, सकाळपासून चहा झाला नाही म्हणून. वर आलो आणि गारवा जाऊ नये म्हणून दार लोटून घेतलं.

एक वाजता बाई पॅसेजमध्ये भेटल्या. मी उत्साहाने धुराचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बर्फ किती टाकला?"

"दहा किलो."

"कुठे?"

"खाली, तळघरात."

 त्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेची मागची कोरी बाजू उलटून बघत प्रयोगशाळेकडे निघून गेल्या. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी. बाई, क्षमा करा, असंच वाटलं होतं.

त्यांनी तिथे काय केलं, ते आता आपल्याला दोन मिनिटांत समजावून सांगतो. अवघड नाही. कार्बनचा अणुभार बारा, ऑक्सिजनचा सोळा, आणि ऑक्सिजन दोन. बारा अधिक बत्तीस, चव्वेचाळीस. म्हणजे या वायूचा एक मोल चव्वेचाळीस ग्रॅम. दहा किलो म्हणजे दहा हजार ग्रॅम. चव्वेचाळीसने भागा, दोनशे सत्तावीस मोल. कुठल्याही वायूचा एक मोल आपल्या खोलीतल्या हवेत साधारण चोवीस लिटर जागा घेतो. झाले साडेपाच हजार लिटर. तळघर होतं साठ हजार लिटरचं. शंभरात नऊ भाग. शंभरात नऊ भाग हा वायू असेल तर माणूस काही मिनिटांत शुद्ध हरपून पडतो. आणि आपली हवा सरासरी एकोणतीस, हा चव्वेचाळीस. जड. म्हणजे तो वर जात नाही, खाली जमिनीलगत साचतो. तिथे नऊ नाही, त्याहून किती तरी जास्त. चौथीची मुलगी मांडी घालून बसली की तिचं नाक जिथे येतं, तिथे.

बाईंनी हे गणित एकदा केलं. मग दुसऱ्यांदा केलं. मग तिसऱ्यांदा. आपली तळघराची मापं बरोबर आहेत ना, म्हणून जुन्या साठा-नोंदवहीत पाहिलं, कारण पूर्वी प्रयोगशाळेचं सामान तिथे राहत असे. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांबद्दल त्या नंतर मला म्हणाल्या, "सुशील, मले गणितावर भरवसा होता. माझ्यावर नव्हता. लोक हसतील असं वाटलं."

दीडच्या आसपास शेवटच्या तालमीसाठी मी मुलींची रांग लावली. बावीस मुली, पांढरे फ्रॉक, केसांत कापूस. तळघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आणि बाई पॅसेजमधून पळत आल्या. साठीच्या बाई, गुडघे दुखतात, पण पळत आल्या आणि दाराला पाठ लावून दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"पोट्ट्यांना मागे घे. आत्ता."

"बाई, काय करून राहिल्या तुम्ही? पाहुणे येतील चार वाजता."

"मागे घे म्हणते ना! खाली हवा नाही."

मी आवाज चढवला. मुलांसमोर, दोन शिक्षिकांसमोर म्हणालो, "बाई, हे स्नेहसंमेलन आहे, तुमची प्रयोगशाळा नाही. लग्नालग्नांत वापरतात हे."

"लग्न मांडवात असते रे. हे तळघर आहे." मग त्यांनी विचारलं, "खाली कोणी आहे?"

मी म्हणालो, "कोणी नाही."

रांगेतली एक मुलगी, तिचं नाव स्वरदा, तिने बोट वर केलं. जसं वर्गात करतात तसं. "मैडम, श्याम काका तो नीचे गए हैं। दरी बिछाने।"

मीच पाठवलं होतं. दहा-बारा मिनिटांपूर्वी. मुलींना फरशी गार लागेल म्हणून सतरंजी अंथरायला. ते म्हणाले होते, हव सर, जाऊन राहिलो. आणि मी विसरलो होतो.

मी दाराकडे झेपावलो. बाईंनी माझी कॉलर धरली. "असा गेलास तर दोन जातील. श्वास भरून घे. मी तीस मोजते. तिसाच्या आत बाहेर." मुलींना मैदानात पाठवलं, स्टेजवरचा मोठा पंखा ओढत आणून दाराशी लावला, आणि त्या मोठ्याने मोजायला लागल्या. मी उतरलो. श्यामराव सतरंजीवर पालथे पडले होते. अर्धी सतरंजी पसरलेली होती, अर्धी गुंडाळलेली. पहिल्या खेपेला मी त्यांना पायरीपर्यंत आणलं. दुसऱ्या खेपेला वर. बाईंचा आकडा दोन्ही वेळा पंचवीसच्या पुढे गेला होता.

श्यामराव दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत.

दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला स्पष्ट विचारलं होतं, कुठे सापडले, तिथे कुठला वायू होता का, धूर होता का? मी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "जिन्यात पडले. बीपीचा जुना त्रास होता." मी मान हलवली. फक्त मान हलवली, एक शब्दही बोललो नाही, आणि डॉक्टरांनी आमच्यावर विश्वास ठेवला.

यशवंतराव, कृपया बसा. आपल्याला बोलायची संधी अध्यक्षीय भाषणात आहेच.

ते गेले त्याच दिवशी दुपारी कार्यालयात अहवाल तयार झाला. तळघराच्या जिन्यात हृदयविकाराचा झटका. तीन सह्या हव्या होत्या. अध्यक्षांची, माझी, आणि प्रत्यक्ष हजर असलेल्या ज्येष्ठ शिक्षिकेची. मी केली. माझ्या घरी दोन मुलं आहेत, नोकरी जाईल, जेल होईल, असं काय काय डोक्यात येत होतं. बाईंनी कागद वाचला, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "यात बर्फ कुठे आहे?"  त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि उठून गेल्या. तिसरी सही आजही तिथे नाही. मग त्यांनी संस्थेला दोन पत्रं लिहिली, गणितासकट. 'नोंद घेतली', एवढंच उत्तर आलं. त्यानंतर त्यांचं विभागप्रमुखपद काढून घेतलं, ते प्रकृतीच्या कारणाने, असं फाईलमध्ये लिहिलेलं आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत होती.

पण बाईंना मी देव करून ठेवणार नाही, त्यांनाच ते आवडायचं नाही. तेराव्याच्या आधी त्या इंदूवहिनींकडे गेल्या होत्या, सगळं सांगायला. वहिनींनी विचारलं, "बाई, त्यांना लय त्रास झाला काय?" आणि बाईंच्या तोंडून निघालं, "नाही हो." एवढंच बोलून त्या परत आल्या. मला म्हणाल्या, "मले नाही सांगता आलं." मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं होतं. ही माझी लायकी.

त्या वर्षापासून बाई अकरावीला मोल शिकवताना फळ्यावर एक गणित द्यायच्या. वीस बाय पंधरा बाय सात फुटांची बंद खोली, दहा किलो सुका बर्फ, हवेत शंभरात किती भाग? दोन वर्षं मुलांनी ते सोडवलं आणि विसरली. या जुलैमध्ये बाई माझ्या खोलीत आल्या.

"उद्या अकरावीला मोल आहे. सोनिया पहिल्या बाकावर बसते. ते गणित गाळू का?"

मी लगेच म्हणालो, "गाळा बाई. काहून उगाच तिला त्रास?"

"बरं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मी त्या वर्गाबाहेरच्या पॅसेजमध्ये उभा होतो. काही काम नव्हतं. पाय तिकडे गेले. दारातून फळा दिसत होता. बाईंनी खडू उचलला, बराच वेळ हातात धरला, आणि लिहायला लागल्या. वीस फूट. पंधरा फूट. सात फूट.

सोनियाने सगळ्यांत आधी सोडवलं. हुशार आहे. हात वर केला, "नाइन परसेंट, मैडम।" बाई म्हणाल्या, बरोबर. मग त्यांनी पुढचा भाग सांगितला, की हा वायू जड आहे, खाली बसतो, आणि अशा खोलीत माणूस गेला तर काय होतं. सोनिया लिहून घेत होती. लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

"मैडम, ये कमरा कहाँ है?"

बाईंनी तिला खोटं सांगितलं नाही. "आपल्याच शाळेत आहे पोरी. स्टेजखाली."

त्या वर्गात चाळीस मुलं होती. सोनियाने मान खाली घालून तेही वहीत लिहिलं.

मधल्या सुट्टीत ती माझ्या खोलीत आली. रडत नव्हती. वही माझ्यासमोर ठेवली. "सर, मेरा आंसर चेक कर दीजिए।" मी तपासलं. प्रत्येक पायरी बरोबर, एकक लिहिलेलं. मी काय करावं? मी लाल पेनाने बरोबरची खूण केली. खरंच केली.

तिने ती खूण पाहिली आणि विचारलं, "तो फिर हार्ट क्यों लिखा?"

मी म्हणालो, "बैठो बेटा." ती बसली नाही. मी म्हणालो, "अभी नहीं।" तिने विचारलं, "कब?" आणि वही उचलून गेली. तेव्हापासून ती मला रोज पॅसेजमध्ये नमस्कार करते, आणि थांबते. एक क्षण थांबते. मी पुढे निघून जातो. चार महिने मी असा पुढे निघून जात होतो.

मग मी आजच काहून बोलून राहिलो? माझ्यात अचानक धैर्य आलं असं समजू नका. गेल्या सोमवारी येत्या स्नेहसंमेलनाचा कागद माझ्या टेबलावर आला. तिसरा कार्यक्रम, गंगावतरण. सामानाच्या यादीत सुका बर्फ, शंभर किलो. नव्या शिक्षिकेने यादी केली आहे, तिची काही चूक नाही. तिला कोणी सांगितलंच नाही. कागदावर इथे काही घडलंच नाही ना! एक माणूस हृदयविकाराने गेला, बस. म्हणून तळघराला कुलूप नाही, झरोक्यावरची फळी तशीच आहे, आणि खाली सामान कुठे ठेवायचं याचा नकाशाही काढून तयार आहे. यादीवर फक्त माझी सही व्हायची होती. आणि यादी पाहून बर्फ किती किलो, असं विचारणाऱ्या बाई या महिन्याच्या तीस तारखेला जात आहेत.

मी यादीवर सही केली नाही. आज सकाळी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. त्यात बर्फ आहे, टब आहे, मी लोटलेलं दार आहे, डॉक्टरांपुढे हललेली मान आहे. बाईंच्या दोन्ही पत्रांच्या प्रती जोडल्या आहेत. उपप्राचार्यपदाचा राजीनामा संस्थेच्या कार्यालयात आहे. पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. ठाण्यातले साहेब म्हणाले आहेत, रायपूर सोडून जाऊ नका. त्यांची माणसं उद्या तळघर पाहायला येणार आहेत.

इंदूवहिनी, त्या दिवशी बाईंनी तुम्हाला जे सांगितलं, तेवढं मात्र बहुधा खरं आहे. त्यांना फार वेळ कळलं नसावं. पण हे तुम्ही आमच्याकडून तीन वर्षांपूर्वी ऐकायला हवं होतं, आणि कोणाकडून तरी पूर्ण ऐकायला हवं होतं.

बाई, आपला सत्कार असा व्हायला नको होता. शाल, श्रीफळ आणि चार गोड शब्द, यावर आपला हक्क होता. मी आपल्याला चार दिवसांपूर्वी सांगायला आलो की मी हे बोलणार आहे, तेव्हा आपण एवढंच विचारलंत, "आकडे तपासलेस ना?" तपासले बाई. तीनदा तपासले. आपण मला जे शिकवलं, ते मी फार उशिरा शिकलो.

आपण सर्वांनी माझं एवढं लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल आयोजकांचे, पाहुण्यांचे आणि या सभागृहाचे मी मनापासून आभार मानतो. भाषणात एखादा शब्द खाली-वर झाला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, वेळेचं भान सुटलं असेल, तर आपण मोठ्या मनाने मला माफ करावं. माफी मी एवढ्याच चुकांची मागतो आहे. श्यामरावांच्या बाबतीत मी जे केलं, ते कृपा करून कोणी माफ करू नका.

नमस्कार.